प्राणवायूची परीक्षा घेणारा शास्त्रज्ञ : जे. बी. एस. हॉल्डेन

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात आयसेलिन नावाचे गाव आहे. तेथील ओक ट्री रोडवर साड्यांची, मिठाईची व किराणा मालाची भारतीय दुकाने ओळीने उभी आहेत. अशा गावी राहणाऱ्या आपल्या माणसांना आता एक नवे साधन विकत घेता येते. ते म्हणजे माणूस आत निजेल एवढी हवाबंद पिशवी. पंपाने आतल्या हवेचा दाब सुमारे १.३ पट करतात. काही जण तीत यंत्राने जादा प्राणवायूही सोडतात. हे घरच्या घरी करणे सुरक्षित आहे काय? ज्या थोर माणसाने दाबाखालचा प्राणवायू स्वतःच्या देहावर तपासला, त्याचे चरित्र या बाबतीत उद्बोधक आहे.

जॉन बर्डन सँडरसन हॉल्डेन यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८९२ रोजी ऑक्सफर्ड येथे झाला. वडील जॉन स्कॉट हॉल्डेन हे श्वसनक्रियेचे नामवंत अभ्यासक. खोल पाण्यातून टप्प्याटप्प्याने वर कसे यावे, याची कोष्टके त्यांनी १९०८ साली प्रसिद्ध केली. मुलाला ते लहानपणीच खाणीत नेऊन दूषित वायूचा परिणाम प्रत्यक्ष दाखवीत.

१ जून १९३९ रोजी थीटिस ही ब्रिटिश पाणबुडी बुडून ९९ माणसे दगावली. त्यानंतर हॉल्डेन व त्यांचे सहकारी लंडनमध्ये एका लहानशा पोलादी कोठीत स्वतःला कोंडून घेऊन प्रयोग करू लागले. दाब वाढवून प्राणवायू घेताना हॉल्डेन यांना झटके आले आणि त्यांच्या पाठीच्या मणक्यांना इजा झाली. दाबाच्या फरकाने कानाचा पडदाही फाटला. जीव वाचवणारा प्राणवायू दाबाखाली विषासमान होऊ शकतो, हे त्यांनी स्वतः भोगून पाहिले.

मात्र त्या कोठीबाहेर दाबमापकावर नजर ठेवणारी जाणती माणसे असत. घरच्या पिशवीपाशी ती कोण असणार? तेथील सौम्य दाबाने झटके येण्याचा संभव कमी, हे खरे. पण कानाला व फुफ्फुसाला इजा होऊ शकते. वीज जाऊन पंप थांबला, तर आतल्या माणसाचा श्वास कोंडतो. प्राणवायू वाढला की साधी ठिणगीही भडका उडवते. ३१ जानेवारी २०२५ रोजी मिशिगनमधील ट्रॉय येथे, घरी नव्हे तर एका उपचार केंद्रात, अशा कोठीला आग लागून पाच वर्षांचा मुलगा मरण पावला. पिशवीऐवजी नुसते प्राणवायूचे यंत्र घरी आणून मनाने वापरणेही बरे नव्हे. फुफ्फुसाच्या जुनाट विकारात जादा प्राणवायूने रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढून रोगी बेशुद्ध होऊ शकतो.

पाणबुड्यांचा दाबविकार, कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा, मधुमेहाच्या काही न भरणाऱ्या जखमा यांवर इस्पितळातील दाब-उपचार गुणकारी ठरतो. परंतु तेथे दाब बराच अधिक असतो आणि वैद्यकीय देखरेखही असते. घरची पिशवी त्याची जागा घेऊ शकत नाही.

हॉल्डेन १९५७ साली पत्नी हेलन यांच्यासह कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले. कुडता घालू लागले, शाकाहारी झाले, १९६१ साली भारताचे नागरिक झाले आणि पुढे भुवनेश्वरला स्थायिक झाले. कर्करोगाने गाठले तेव्हा लंडनच्या इस्पितळातून त्यांनी त्या रोगावर एक विनोदी कविता लिहिली. रोग्याने वेळीच डॉक्टरांकडे जावे, हेच तिचे सांगणे होते. १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वर येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देह काकीनाड्याच्या रंगराय वैद्यकीय महाविद्यालयास देण्यात आला.

आयुष्यभर स्वतःवर प्रयोग करणाऱ्या या माणसाने इतरांना मात्र डॉक्टरांचा रस्ता दाखवला. आयसेलिनचा एखादा नातलग अशी पिशवी घेऊ का म्हणून विचारील, तर त्याला हॉल्डेन यांची ही गोष्ट अवश्य सांगावी.