विधी महाविद्यालयाचे प्राचार्य : डॉ. बाबासाहेब आंबेडकर

आंबेनळी घाट उतरून पोलादपूरमार्गे महाडला येणाऱ्यास चवदार तळे सत्याग्रहाची भूमी म्हणून परिचित असते. मात्र या तळ्याचा अंतिम निवाडा न्यायालयात झाला आणि त्या समयी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते, याचा उल्लेख क्वचितच होतो.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या बाबासाहेबांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे. लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर होऊन त्यांनी १९२३ साली मुंबईत वकिली आरंभिली. अस्पृश्यतेच्या रूढीमुळे पक्षकार दुर्मीळ होते. उदरनिर्वाहास जोड म्हणून ते बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवीत. १९२८ साली ते विधी महाविद्यालयात प्राध्यापक झाले.

तत्पूर्वी २० मार्च १९२७ रोजी त्यांनी अनुयायांसह चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रहासाठी हजारो लोक महाडला जमले. परंतु प्रतिपक्षाने दिवाणी न्यायालयातून तात्पुरता मनाई हुकूम आधीच मिळविला होता. अनुयायी तुरुंगवासासही सिद्ध होते. तरीही बाबासाहेबांनी सत्याग्रह स्थगित करून दाव्याचा मार्ग स्वीकारला. जमलेल्यांना रित्या हाताने परत पाठविणे सोपे नव्हते.

हा दावा महाड व ठाणे येथील न्यायालयांतून मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाने बाबासाहेबांच्या बाजूने निर्णय दिला. अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची अनादी वहिवाट वादींना सिद्ध करता आली नाही.

१८५५ साली स्थापन झालेल्या या महाविद्यालयाने वकिली व्यवसायास पिढ्यान्‌पिढ्या कायदेपंडित दिले. जून १९३५ ते १९३८ या काळात प्राचार्यपद भूषविताना बाबासाहेबांनी महाविद्यालयाच्या नियतकालिकात विधिशिक्षणाच्या सुधारणेवर लेख लिहिला. ज्या कायद्याच्या आधारे आपल्या समाजाचा पाण्यावरील हक्क सिद्ध होण्याची ते वाट पाहत होते, तोच कायदा शिकविणाऱ्या संस्थेची धुरा त्यांच्या खांद्यावर होती.

पुढे ते स्वतंत्र भारताचे पहिले कायदामंत्री व संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. संविधानाच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली आणि पंधराव्या कलमाने सार्वजनिक विहिरी व तळी सर्वांना खुली केली. महाडला दहा वर्षे लढून मिळालेला हक्क अशा रीतीने साऱ्या देशाचा झाला. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. या थोर विधिज्ञास विनम्र अभिवादन.