डॉक्टर विल्यम कोली

कर्करोग हें नांव निघतांच घरांतील वडील माणसें आवाज खालीं आणतात, हें आपणांपैकीं पुष्कळ मुलांनीं पाहिलें असेल. या रोगाशीं ज्यांनीं जन्मभर झुंज दिली, त्यांत न्यूयॉर्कचे शस्त्रवैद्य डॉ. विल्यम कोली यांची गणना होते. हयातींत त्यांच्या वांट्यास मान थोडा व अविश्वास फार आला. तथापि ज्या वाटेनें आज मोठमोठे संशोधक चालले आहेत, तिच्यावर आरंभींचीं पावलें ज्यांचीं उमटलीं त्यांपैकीं ते एक होत.

कोली यांचा जन्म ता. १२ जानेवारी १८६२ रोजीं अमेरिकेंतील कनेक्टिकट संस्थानांत वेस्टपोर्ट या गांवीं झाला. १८८४ सालीं येल विद्यापीठाची पदवी घेतल्यावर त्यांनीं दूर पश्चिमेस ऑरेगन प्रांतांतील एका शाळेंत दोन वर्षें अध्यापन केलें. हे थोर वैद्य प्रथम शिक्षक होते, हें लिहितांना आम्हां शिक्षकांस थोडा अभिमान वाटल्यास वाचकांनीं क्षमा करावी. पुढें हार्वर्ड येथें वैद्यकाचा अभ्यास करून १८८८ सालीं ते डॉक्टर झाले व न्यूयॉर्क हॉस्पिटलांत काम करूं लागले.

१८९० सालच्या शरद् ऋतूंत त्यांच्याकडे एलिझाबेथ डॅशील नांवाची सतरा वर्षांची मुलगी आली. आगगाडीच्या प्रवासांत तिचा हात चिमटला होता. दुखापत क्षुल्लक दिसे, पण सूज उतरेना व वेदना थांबेनात. अखेर तें हाडाचें अर्बुद ठरलें. कोली यांनीं कोपराखालून हात कापला, तरीही रोग सर्वांगांत पसरला, आणि ता. २३ जानेवारी १८९१ रोजीं ती मुलगी गेली. विद्या, हत्यारें, दक्षता, कशाचाही उपयोग झाला नाहीं. तरुण डॉक्टरांच्या मनास हा घाव कायमचा लागला. इतर वैद्य अशा वेळीं दैवाकडे बोट दाखवीत. कोली यांनीं हॉस्पिटलाच्या जुन्या वह्या उघडल्या.

त्या वह्यांत एक विलक्षण नोंद सांपडली. जर्मनीहून आलेल्या एका गरीब माणसाच्या मानेवरचें अर्बुद वारंवार कापूनही पुनः वाढत होतें. डॉक्टरांनीं आशा सोडली असतां त्यास विसर्प, ज्यास आपल्याकडे धांवरें म्हणतात, तो जंतुजन्य त्वचारोग झाला. जबर ताप चढला. आणि ताप उतरला तेव्हां अर्बुदही ओसरून गेलें होतें! तो मनुष्य जिवंत आहे कीं नाहीं, हें कोणास ठाऊक नव्हतें. कोली स्वतः न्यूयॉर्कच्या गरीब वस्तींतील चाळींतून जिने चढत त्यास शोधीत फिरले, आणि सुमारें सात वर्षांनंतरही तो धडधाकट असलेला त्यांनीं डोळ्यांनीं पाहिला.

आतां मोठें धर्मसंकट उभें राहिलें. रोग्यास मुद्दाम दुसरा रोग द्यावा काय? त्या काळीं पेनिसिलीन नव्हतें. विसर्पानें माणसें मरत असत. १८९१ सालीं इटलीहून आलेला एक रोगी त्यांच्याकडे होता. घशांतील अर्बुदामुळें त्यास अन्न गिळणें कठीण झालें होतें व त्याचे दिवस भरत आले होते. कोली यांनीं त्यास विसर्पाचे जंतु टोंचले. कित्येक महिने कांहींच घडलें नाहीं. ऑक्टोबरांत जलाल जंतु टोंचतांच भयंकर ताप आला, आणि थोड्याच दिवसांत अर्बुद विरघळूं लागलें. तो रोगी त्यानंतर आठ वर्षें जगला. परंतु पुढें हा प्रयोग केलेल्यांपैकीं कांहीं रोगी त्या तापानेंच दगावले, हेंही सांगितलें पाहिजे. म्हणून कोली यांनीं जंतु उष्णतेनें मारून व त्यांत दुसऱ्या जातीचे मृत जंतु मिसळून एक लस तयार केली. १८९३ सालीं ती सोळा वर्षांच्या एका मुलास दिली. त्याच्या पोटांतील मोठें अर्बुद नाहींसें झालें, आणि तो पुढें सव्वीस वर्षें जगून हृदयविकारानें वारला.

इतकें असूनही वैद्यवर्ग त्यांच्या पाठीशीं उभा राहिला नाहीं. टीकाकार दुष्ट होते असें मात्र समजूं नये. लस दर वेळीं सारखी बनत नसे, मात्रा ठरलेली नव्हती, नोंदी अपुऱ्या होत्या, आणि एकास आलेला गुण दुसऱ्यास येत नसे. शिवाय हें कां घडतें, याचें उत्तर खुद्द कोली यांनाही देतां येईना. इकडे क्ष-किरण व रेडियम यांचा शोध लागला. त्यांचा परिणाम मोजतां येई, म्हणून लोक तिकडे वळले. डॉ. जेम्स यूइंग यांच्यासारखे त्यांच्याच हॉस्पिटलांतील विद्वान त्यांच्या विरुद्ध होते. कोली सुमारें चाळीस वर्षें आपलें काम करीत राहिले व ता. १६ एप्रिल १९३६ रोजीं निवर्तले.

त्यांची कन्या हेलन हिनें वडिलांचीं कागदपत्रें चाळून शेंकडों रोग्यांच्या हकीकती जुळविल्या आणि १९५३ सालीं कर्करोग-संशोधनाची एक संस्था स्थापण्यांत पुढाकार घेतला. तिला आरंभीं द्रव्यसाहाय्य करणारे नेल्सन रॉकफेलर हे, त्या दुर्दैवी एलिझाबेथचा जो जिवलग मित्र होता, त्याचेच पुत्र होत.

कोली यांना न सुटलेलें कोडें आज बरेंच उलगडलें आहे. आपल्या रक्तांतील कांहीं पांढऱ्या पेशी पहारेकऱ्यांप्रमाणें शरीरभर फिरतात. प्रत्येक पेशी आपल्या आंत काय चाललें आहे याचे नमुने बाहेरच्या भिंतीवर मांडते. पहारेकरी ते पाहतात व बिघडलेली पेशी मारून टाकतात. मग अर्बुद कसें निसटतें? पेशींतील जनुकें म्हणजे जणूं एक ग्रंथालय आहे. ग्रंथ सर्व पेशींत बहुधा तेच, पण कोणता उघडावा व कोणता मिटावा याची व्यवस्था निराळी. अर्बुदाच्या पेशी कित्येक वेळां ही व्यवस्थाच फिरवितात. नमुने मांडण्याची कृति ज्या ग्रंथांत आहे, त्यावर मेथिल नांवाच्या लहानशा रासायनिक खुणा चढतात. ग्रंथ जळत नाहीं, फाटत नाहीं. पण कपाटास कुलूप पडतें. भिंत कोरी राहते व पहारेकरी पुढें जातो. उलट दुसरें एखादें जनुक त्या जास्त उघडतात आणि पहारेकऱ्यास थांबण्याची खोटी खूण करतात. कोली यांच्या तापानें झोंपलेले पहारेकरी जागे होत असावेत, असें आज मानतात. मात्र निरनिराळीं अर्बुदें निरनिराळ्या युक्तीनें लपतात, म्हणून एकच उपाय सर्वांस लागूं पडत नाहीं.

ती खोटी खूण निष्फळ करण्याचा मार्ग दाखविल्याबद्दल जेम्स ॲलिसन व तासुकू होंजो यांस २०१८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. आपल्या देशांत तान्ह्या मुलांस क्षयरोगाविरुद्ध टोंचतात ती बीसीजी लस मूत्राशयाच्या कांहीं कर्करोगांवर वापरतात, हें ऐकून कोली यांस खचित समाधान वाटलें असतें. अर्थात् हे उपाय सर्वांस तारतात असें नाहीं, आणि घरच्या तापानें कर्करोग जाईल असें तर कोणीही समजूं नये. न जाणारी गांठ दिसतांच डॉक्टरांकडे जावें, हेंच शहाणपणाचें.

विद्यार्थिमित्रांनो, या चरित्रांत दोन धडे आहेत. शंभर नोंदींत एक निराळी आढळली तर तिच्याकडे दुर्लक्ष करूं नका. जिने चढून तिचा शोध घ्या. आणि आपण जें करतों त्याची नोंद इतकी चोख ठेवा, कीं आपल्यामागून येणारास तेथूनच पुढें जातां यावें. पहिला धडा कोली यांच्या यशांत आहे, दुसरा त्यांच्या उणीवेंत. एका मुलीच्या मृत्यूचें दुःख त्यांनीं नुसतें अश्रूंत वाहूं दिलें नाहीं. त्यास जन्मभर कामास लाविलें.