शिपाई इरा हेझ याचे चरित्र

अमेरिकेच्या ॲरिझोना प्रांतात गिला नावाची नदी आहे. तिच्या काठी पीमा नावाचे मूळ रहिवासी प्राचीन काळापासून कालवे काढून शेती करीत आले. ते स्वतःस आकिमेल ओओधाम, म्हणजे नदीचे लोक, म्हणवितात. पुढे वरच्या अंगास वसलेल्या गोऱ्या लोकांनी नदीचे पाणी वळवून घेतले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या कष्टाळू लोकांवर उपासमारीची पाळी आली. अशा लोकांत इरा हॅमिल्टन हेझ याचा जन्म १२ जानेवारी १९२३ रोजी झाला. बाप शेतकरी होता व आई प्रेस्बिटेरियन मंडळीची भक्तिमान बाई होती. मुलगा अबोल व लाजाळू निघाला.

या लोकांची एक जुनी रीत ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ज्याच्या हातून युद्धात शत्रू मारला जाई, त्याला सोळा दिवस गावापासून दूर एकान्तात राहावे लागे. उपास, मौन व नदीचे स्नान ही पुरी झाल्यावरच तो घरच्यांत मिसळे. शत्रू मारणारा कितीही शूर असला तरी शुद्ध झाल्यावाचून त्याने चुलीपाशी येऊन बसू नये, असा त्यांचा नेम होता. रणातून आलेल्यांनी सात दिवस छावणीबाहेर राहून शुद्ध व्हावे, अशी आज्ञा गणना या पुस्तकातही आहे, हे उपदेशक बंधूंस ठाऊकच आहे.

१९४२ साली इरा मरीन पलटणीत दाखल झाला. हवाई छत्रीने उडी घेण्याचे शिक्षण त्याने घेतले, तेव्हा सोबत्यांनी त्याला ‘पडत्या मेघाचा सरदार’ असे टोपणनाव दिले. मनुष्य मागे पडला व त्याची जात पुढे आली. १९४३ साली तो बूगनव्हिल बेटावर लढला. फेब्रुवारी १९४५ मध्ये तो इवो जिमा या जपानी बेटावर उतरला. तेथे सुमारे ६,८०० अमेरिकन व १८,००० हून अधिक जपानी मेले. २३ फेब्रुवारीस सुरिबाची डोंगरावर सहा शिपायांनी निशाण उभारले. त्यांचे छायाचित्र जगभर गाजले. त्या सहांत इरा होता. त्यांतले तिघे त्याच लढाईत पडले.

मग सरकारने त्याला मायदेशी आणून युद्धकर्जाच्या प्रचारार्थ नगरोनगरी मिरविले. जेथे एकान्त हवा होता, तेथे वाजंत्री मिळाली, आणि ज्याने मौन धरावयाचे त्याच्या हाती प्याले आले. खरे वीर बेटावरच राहिले, असे तो मानीत असे. दारूमुळे दौरा संपण्यापूर्वीच त्याला पलटणीत परत धाडण्यात आले.

तरी त्याची सत्यप्रीती मेली नाही. छायाचित्रातील हार्लन ब्लॉक या मृत शिपायाच्या जागी भलत्याचेच नाव लागले होते. अधिकाऱ्यांनी इराला गप्प राहण्यास सांगितले होते. परंतु १९४६ साली तो काही पायी, काही वाटेतल्या गाड्यांनी, हजार मैलांहून अधिक दूर टेक्सास प्रांती गेला व मृताच्या बापास खरी गोष्ट सांगून आला. पुढे सरकारने चूक सुधारली.

स्वतःच्या प्रांतात मात्र त्याच्या लोकांना मताचा हक्क १९४८ पर्यंत नव्हता. इरा मोलमजुरी करी, पिई, आणि पन्नासहून अधिक वेळा कोठडीत गेला. नोव्हेंबर १९५४ मध्ये त्या छायाचित्रावरून घडविलेल्या प्रचंड स्मारकाच्या सोहळ्यास त्याला मानाने बोलाविले होते. पुढे तीन महिनेही झाले नाहीत तोच, २४ जानेवारी १९५५ रोजी, घराजवळ उघड्यावर थंडीत तो मेलेला आढळला. वय अवघे ३२ वर्षे. आर्लिंग्टन येथील राष्ट्रीय दफनभूमीत त्याला मूठमाती दिली.

जुनी रीत पाळली असती तर तो वाचला असता की काय, हे देव जाणे. परंतु वाडवडिलांना जे समजले होते, ते त्या मोठ्या राष्ट्रास समजले नाही. ते हे की, शिपाई रणातून शरीराने आधी येतो व मनाने मागाहून. प्रिय वाचकहो, आपल्या खेड्यांतलेही पुत्र पलटणीत जातात. ते परत आले म्हणजे हार घालून व लढाईच्या गोष्टी विचारून आपण मोकळे होऊ नये. त्यांच्याजवळ गप्प बसावे, त्यांच्यासाठी प्रार्थना करावी, आणि कोणी बाटलीकडे वळला तर त्याला दूषण देण्यापूर्वी त्याच्या दाराशी जावे.