रेव्हरंड जस्टिन अॅबट: संतचरित्रांचे संशोधक

सोलापूर जिल्ह्यातील ज्या गावांवरून पंढरीची वाट जाते, तेथील वृद्ध मंडळींस दामाजीपंताची कथा ठाऊक नाही असे सहसा होत नाही. मंगळवेढ्याच्या ह्या अधिकाऱ्याने घोर दुष्काळात बेदरच्या बादशहाची धान्याची कोठारे उपाशी लोकांस लुटविली. आणि त्यास शिक्षा होणार इतक्यात विठू महार नावाच्या एका मनुष्याने दरबारी जाऊन सर्व धान्याची किंमत चुकती केली. आमच्या वाडवडिलांपैकी पुष्कळांनी ही कथा दूर उभे राहून कीर्तनात ऐकली होती. पुढे ख्रिस्ती झाल्यावर अशा कथांचे काय करावे, हा प्रश्न त्यांस पडला. त्या अगदी टाकून द्याव्या, की जशाच्या तशा खऱ्या मानाव्या? एका पाद्री साहेबांनी ह्या प्रश्नाचे उत्तर वादविवादाने न देता उतारवयातील श्रमाने दिले. त्यांचे चरित्र येथे सांगावयाचे आहे.

जस्टिन एडवर्ड्स अॅबट यांचा जन्म 1853 साली अमेरिकेत झाला. त्यांचे वडील आमस अॅबट हे अमेरिकन मराठी मिशनचे मिशनरी असून नगरकडे सेवा करीत होते. तेव्हा मराठी भाषा ही ह्या मुलाच्या घरात प्रथमपासूनच वावरत होती. विद्याभ्यास पुरा करून 1881 साली ते स्वतः मिशनरी होऊन मुंबईस आले, आणि 1910 पर्यंत त्यांनी सेवा केली.

मिशनचे काम करीत असता साहेबांस जुन्या वस्तूंचा शोध करण्याची गोडी लागली. भोर संस्थानाच्या हद्दीत, सुधागडाच्या बाजूस, नाडसूर व नेणवली येथे डोंगरात कोरलेली बौद्ध लेणी आहेत. आसपासच्या लोकांस ती माहीत होती. परंतु विद्वानांच्या दृष्टीस ती पडली नव्हती. अॅबट साहेबांनी त्यांविषयी लेख लिहून 1891 साली तो प्रसिद्ध केला.

त्याहूनही चिकाटीचे काम शिवराई पैशाचे. हा तांब्याचा पैसा एके काळी प्रत्येक बाजारात चाले. त्याच्या एका बाजूस राजा शिव आणि दुसऱ्या बाजूस छत्रपति अशी अक्षरे असत. म्हणून असा प्रत्येक पैसा शिवाजी महाराजांनीच पाडला, अशी सामान्य समजूत होती. साहेबांनी असे सुमारे 25,000 पैसे नजरेखालून घातले. अक्षरांची वळणे निराळी, नावाचे लेखन निराळे, ठसे निराळे. असे लहानसहान भेद पाहून त्यांनी त्या पैशांची वर्गवारी केली. महाराजांच्या मागेही कित्येक वर्षे त्याच नावाने पैसे पाडले जात होते. नाव जुने असले तरी वस्तू नंतरची असू शकते, हा धडा साहेबांस पुढे फार उपयोगी पडला.

सेवानिवृत्त होऊन ते अमेरिकेत न्यू जर्सी प्रांतातील समिट गावी राहू लागले. तेथे त्यांनी महाराष्ट्राच्या संतकवींची चरित्रे इंग्रजीत उतरविण्याचे काम हाती घेतले. 1926 साली भानुदास, 1927 साली एकनाथ, 1929 साली बहिणाबाई, 1930 साली तुकाराम आणि 1932 साली रामदास, असे ग्रंथ एकामागून एक निघाले. ह्या कामात पंडित नरहर गोडबोले हे त्यांचे सहकारी होते. एक अमेरिकन पाद्री आणि एक मराठी पंडित एकाच पोथीतील ओव्यांचा अर्थ लावीत, हे चित्र मनात आणावे.

ह्यांतील बहुतेक चरित्रांचे मूळ लेखक महिपती (1715–1790) हे राहुरीजवळील ताहराबाद गावचे कुळकर्णी होते. त्यांनी 1762 साली भक्तविजय हा ग्रंथ रचला. दामाजीपंताची कथा त्यातच आहे. महिपतींनी आपण कोणाच्या आधाराने लिहितो हेही सांगून ठेविले आहे: उत्तरेकडील नाभाजी आणि मराठीतील उद्धवचिद्घन. परंतु ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली ती 1296 साली; म्हणजे महिपतींचा ग्रंथ त्यानंतर 466 वर्षांनी झाला. इतक्या काळात तोंडोतोंडी फिरलेल्या हकिगतीस साक्ष म्हणून किती मान द्यावा?

दूर वेल्स देशातही हाच प्रश्न उभा होता. तेथील संत डेव्हिड सहाव्या शतकात होऊन गेले. त्यांचे चरित्र रिगिवार्ख नावाच्या धर्मपंडिताने अकराव्या शतकाच्या अखेरीस लिहिले. उपदेश करीत असता डेव्हिडांच्या पायाखालची जमीन उंच होऊन टेकडी झाली, असे त्यात आहे. आपल्याकडे ज्ञानेश्वरांची भिंत चालली, तशीच ही कथा. आर्थर वेड-एव्हन्स (1875–1964) नावाच्या वेल्श पाद्री साहेबांनी अशा चरित्रांची भाषांतरे करून 1944 साली त्यांचा मोठा संग्रह छापला. डेव्हिडांच्या चरित्रातून सहाव्या शतकाची माहिती थोडीच मिळते. परंतु वेल्सच्या मंडळीने कँटरबरीच्या आर्चबिशपापुढे आपला मान राखावा, ही अकराव्या शतकातील इच्छा त्यात स्पष्ट दिसते. चरित्र ज्याचे आहे त्याच्याइतकीच ते लिहिणाऱ्याच्या काळाचीही ते साक्ष देते.

दामाजीपंत पंधराव्या शतकातील मानले जातात. महिपतींनी त्यांची कथा लिहिली ती सुमारे तीनशे वर्षांनी. दरबारात कोण आले हे त्या कथेवरून इतिहासकारास सिद्ध करता येणार नाही. परंतु एका कुळकर्ण्याने देवास महाराच्या वेषात दरबारी पाठविले, आणि लोकांनी ती कथा पिढ्यान्‌पिढ्या जतन केली, ही गोष्ट मात्र खरी आहे. ज्यांस वेशीच्या आत जागा नव्हती, त्यांचे रूप देवास घ्यावे लागले, ही बोचणी त्या काळच्या मनात होती. कथा जाळली असती तर ही साक्षही तिच्याबरोबर जळाली असती.

अॅबट साहेब 1932 साली समिट येथे वारले. भक्तविजयाचे त्यांचे भाषांतर त्यांच्या पश्चात 1933 व 1934 साली दोन भागांत निघाले. आपला धर्म त्यांनी सोडला नाही आणि दुसऱ्याची पोथी तिरस्काराने बाजूस सारली नाही. लेखकाचे म्हणणे त्यांनी इमानाने उतरविले, आणि निवाडा वाचकाकडे ठेविला.

शिक्षकबंधूंनो, आपल्या मंडळ्यांतही अशा कथा आहेत. गावात प्रथम बाप्तिस्मा कोणी घेतला, विहिरीवर पाणी कोणी बंद केले, कोणत्या घरी पहिली प्रार्थना झाली, हे सांगणारी माणसे थोडी उरली आहेत. त्यांच्याजवळ बसून ते लिहून घ्यावे. सांगणाऱ्याचे नाव, त्याने स्वतः पाहिले की ऐकले, आणि लिहिल्याची तारीख, ही तीन टिपणे शेजारी असावी. महिपतींनी आपले आधार सांगून ठेविले म्हणूनच पुढील शोधकांस वाट सापडली. आपण तेवढेही न केले, तर आपल्या नातवंडांस शोध घेण्यास काहीच उरणार नाही.