खेळायचे की नाही, हे डॉक्टर ठरवणार

अमेरिकन फुटबॉल हा अंगावर अंग आदळण्याचा खेळ आहे. १९०५ च्या एका हंगामात हार्वर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना झालेल्या दुखापती संघाच्या डॉक्टरांनी मोजल्या, तेव्हा आकडा १४५ निघाला. त्यांतल्या १९ वेळा मेंदूला हादरा बसला होता. मुलांना मात्र त्याचे काहीच वाटत नव्हते. शुद्ध हरपलेला गडीसुद्धा उठून पुन्हा खेळायला लागे.

ही मोजणी झाली तेव्हा ऑगस्टस थॉर्नडाइक नऊ वर्षांचे होते. जन्म १८९६ चा. पुढे ते हार्वर्डमध्येच डॉक्टर झाले, शस्त्रक्रिया शिकले आणि तिशीच्या दशकापासून सुमारे तीस वर्षे तिथल्या खेळाडू विद्यार्थ्यांचे सर्जन राहिले. त्या काळी मैदानावरचा इलाज ट्रेनरच्या हाती असे. चिकटपट्टी, शेक, मालीश आणि शनिवारच्या सामन्याला गडी उभा करायचा! ट्रेनर कितीही कसबी असला, तरी त्याची नोकरी संघाच्या हारजितीशी बांधलेली होती.

१९३२ मध्ये थॉर्नडाइक यांनी हार्वर्डमध्ये नवा नियम लागू केला. शारीरिक झटापटीच्या खेळात डॉक्टर हजर हवा आणि जखमी विद्यार्थी पुन्हा मैदानात उतरेल की नाही, हे त्यानेच ठरवायचे. प्रशिक्षक नाही, आणि स्वतः मुलगाही नाही. यातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा. मेंदूला हादरा बसला की हाड मोडत नाही, एक्स-रेत काही दिसत नाही, मुलगा चालतो-बोलतो. पण मघाशी गुण किती झाले होते, हे त्याला आठवत नाही. आपण ठीक आहोत का, याचा निवाडा तो दुखावलेल्या मेंदूनेच करत असतो. त्यात वय विशीचे, सोबती बघताहेत. तो नाही कशाला म्हणेल?

१९३८ मध्ये त्यांनी खेळातील दुखापतींवर ग्रंथ लिहिला. त्यात प्रतिबंधालाही उपचाराइतकेच स्थान होते. १९४० मध्ये त्यांनी मार लागलेल्या स्नायूत हाड तयार होण्याच्या विकारावर लेख लिहिला. मांडीवर गुडघ्याचा जोरदार फटका बसला की आत खोलवर रक्त साकळते. अशा वेळी जोराने चोळले किंवा घाईने ताण दिला, तर त्या जागी काही आठवड्यांत चक्क हाड तयार होऊ शकते आणि गुडघा पुरता वाकत नाही. आपल्याकडेही मुका मार लागला की पहिला हात तेलाच्या वाटीकडेच जातो. खरे तर पहिले काही दिवस थंड शेक, आवळून पट्टी आणि विश्रांती एवढेच पुरते.

दुसऱ्या महायुद्धात ते लष्करी डॉक्टर होते. जखमी सैनिकांना व्यायामातून पुन्हा उभे करण्याच्या कामाची मोठी जबाबदारी त्यांच्याकडे आली. मैदानावरचा अनुभव तिथे कामी आला असणार.

त्यांचे सर्वांत गाजलेले काम १९५२ चे. कोणत्या दुखापतीनंतर विद्यार्थ्याचा खेळ कायमचा थांबवावा, हे त्यांनी एका छोट्या लेखात मांडले. मेंदूला तीनपेक्षा अधिक वेळा हादरा बसला असेल, किंवा एकदाच पण क्षणापुरती नव्हे तर त्याहून जास्त वेळ शुद्ध हरपली असेल, तर झटापटीचे खेळ बंद. लोकांच्या तोंडी पुढे ‘तीन वेळा’ एवढेच उरले. हा आकडा प्रयोगातून नव्हे, अनुभवातून आलेला होता. आज डॉक्टर केवळ संख्या मोजून निर्णय घेत नाहीत. एखाद्याला दुसराच हादरा महागात पडतो, विशेषतः पहिला पुरता बरा झाला नसताना. तरीही खेळ थांबवण्याची रेषा कुठे ओढायची, असा प्रश्न इतक्या स्पष्टपणे त्याआधी फारसा कुणी विचारला नव्हता.

थॉर्नडाइक १९८६ मध्ये वारले. त्यांचा नियम एका श्रीमंत विद्यापीठापुरता होता. गावोगावच्या हायस्कूलमध्ये मैदानाच्या कडेला डॉक्टर कुठून असणार? तिथे आजही बहुधा ट्रेनरच असतो, आणि अनेक शाळांत तोही नसतो. २००९ मध्ये वॉशिंग्टन राज्याने कायदा केला की मेंदूला हादरा बसल्याची नुसती शंका आली, तरी विद्यार्थ्याला लगेच बाहेर काढायचे आणि आरोग्यसेवकाच्या लेखी परवानगीशिवाय परत खेळवायचे नाही. २०१४ पर्यंत अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत शाळकरी खेळाडूंच्या मेंदूच्या दुखापतीबाबत कायदे झाले होते.