कानांनी साथ सोडली तेव्हा

डोळे अधू झाले की माणूस चारचौघांत बिनदिक्कत चष्मा लावतो. कान अधू झाले की मात्र ते लपवू पाहतो. लुडविग व्हान बीथोव्हनसारख्या जगद्विख्यात संगीतकारालाही ही लपवाछपवी चुकली नाही.

जर्मनीतील बॉन येथे डिसेंबर १७७० मध्ये तो जन्मला. आजोबा आणि वडील दोघेही दरबारी गायक. वडील पुढे दारूच्या आहारी गेले, १७८७ मध्ये आई वारली आणि धाकट्या दोन भावांचा भार कोवळ्या खांद्यांवर आला. १७९२ मध्ये तो व्हिएन्नाला गेला, हायडनकडे शिकला आणि बघता बघता तिथल्या सरदारांच्या दिवाणखान्यांत त्याचा पियानो गाजू लागला.

तिशीही उलटली नव्हती, तोच कानांनी दगा दिला. रात्रंदिवस कानात गुणगुण चाले. नाटकाला गेला तर नटांचे बोलणे कळावे म्हणून वाद्यवृंदाला खेटून बसावे लागे. वाद्यांचे उंच स्वर दुरून ऐकू येत नसत. हळू बोललेले समजत नसे आणि कोणी ओरडले तर तेही सोसवत नसे. ही आतल्या कानाच्या बिघाडाची ओळखीची लक्षणे आहेत. तिथल्या शंखासारख्या भागातील नाजूक पेशी आवाज टिपतात. उंच स्वर टिपणाऱ्या पेशी बहुधा आधी निकामी होतात आणि एकदा गेलेल्या पेशी माणसात पुन्हा येत नाहीत.

तेव्हाच्या वैद्यांनी कानात बदामाचे तेल घातले, कोमट स्नाने सांगितली, दंडावर फोड आणणारी झाडाची सालही बांधली. गुण आला नाही. जवळजवळ दोन वर्षे तो लोकांत मिसळणे टाळत राहिला. अखेर १८०१ मध्ये त्याने दोन मित्रांना पत्राने हे कळवले, तेही गुप्ततेच्या अटीवर. लोक मात्र त्याला तिरसट समजत राहिले.

१८०२ मध्ये डॉक्टरांच्या सल्ल्याने तो हायलिगेनश्टाट या खेड्यात राहिला. तिथे भावांना उद्देशून त्याने एक कागद लिहिला. जरा मोठ्याने बोला, एवढे सांगण्याचीही लाज वाटते. जीव नकोसा झाला होता, पण कलेने रोखून धरले, असा त्याचा आशय. तो कागद त्याने कधी पाठवलाच नाही. मृत्यूनंतर तो सापडला.

खेड्यातून परतल्यावर त्याच्या हातून थोर रचना झाल्या. १८०९ मध्ये फ्रेंच तोफा व्हिएन्नावर धडाडल्या, तेव्हा उरलेसुरले कान वाचवण्यासाठी तो तळघरात डोक्याला उशा दाबून बसला. मेल्त्सेल या कारागिराने त्याला कानाला लावायचे कर्णे करून दिले. १८१४ नंतर जाहीर पियानोवादन थांबले. १८१८ पासून भेटायला येणारे लोक आपले म्हणणे वहीत लिहीत आणि तो बहुधा तोंडी उत्तर देई. ७ मे १८२४ रोजी नववी सिंफनी प्रथम सादर झाली. टाळ्यांचा गजर चालू होता आणि त्याला पत्ताच नव्हता. कॅरोलिन उंगर या तरुण गायिकेने त्याला श्रोत्यांकडे वळवले, तेव्हा हलणारे रुमाल त्याला दिसले.

२६ मार्च १८२७ रोजी तो गेला. शवविच्छेदनात श्रवणाच्या नसा सुकलेल्या आढळल्या. २०२३ मध्ये त्याच्या केसांतील जनुके तपासली गेली, तरीही बहिरेपणाचे कारण उलगडले नाही.

त्याच्या वैद्यांकडे इलाज नव्हता. आपल्याकडे पुष्कळ आहे. बाळ झोपेत असताना जन्मानंतर काही दिवसांतच त्याचे कान तपासता येतात. कमी ऐकणाऱ्याला श्रवणयंत्र आहे आणि त्यानेही भागत नसेल तर काहींना कॉक्लिअर इम्प्लांटची शस्त्रक्रिया उपयोगी पडते. वाहत्या कानात तेल घालू नये, कानात काडी घालू नये, ढोल-फटाक्यांच्या दणदणाटात कान झाकावेत, हेडफोनचा आवाज बेताचा ठेवावा, ही पथ्येही अवघड नाहीत.

आजोबा टीव्हीचा आवाज वाढवत असतील, मूल हाकेला ओ देत नसेल, तर त्यांच्यावर वैतागण्याआधी कान तपासून घ्यावेत. मोठ्याने बोला, असे सांगण्याची लाज निदान आपल्या घरात तरी कोणाला वाटू नये.