थकलेल्या पगाराचा सरदार : इब्राहिमखान गारदी

आशुतोष गोवारीकर यांच्या २०१९ मधील ‘पानिपत’ चित्रपटामुळे इब्राहिमखान गारदी नव्या पिढीला ठाऊक झाला. पडद्यावर भाडोत्री सैनिक एक तर लोभी असतो, नाही तर अखेरीस निष्ठेचा पुतळा ठरतो. इब्राहिमखानाला या दोन्ही साच्यांत बसवणे अवघड आहे.

दख्खनेत फ्रेंच सेनानी बुसी याच्या तालमीत तो कवायती युद्ध शिकला. ‘गारदी’ हा शब्दही फ्रेंच ‘गार्द’वरून आलेला. निजामाची चाकरी सोडून तो सदाशिवरावभाऊंकडे आला, तेव्हा मराठी फौजेत एक नवाच व्यवहार रुजू लागला. सरदारांचे स्वार सरंजामावर पोसले जात, गारद्यांना मात्र महिन्याचे महिन्याला रोख वेतन हवे असे. होळकरांसारख्या जुन्या सरदारांना ही माणसे व त्यांची गोलाची लढाई रुचली नाही. त्यांचा भरवसा गनिमी काव्यावर होता.

पानिपतावर वेढा आवळला गेला आणि खजिना आटला. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताने पुढची हकिकत नोंदवली आहे. १४ जानेवारी १७६१ च्या सकाळी इब्राहिमखान भाऊंकडे गेला. पगाराच्या तगाद्यामुळे त्यांची आपल्यावर नाराजी झाली होती, हे त्याने बोलून दाखवले. चालू महिन्याचे वेतन मिळालेले नसले तरी आजवर खाल्लेल्या अन्नाचे ऋण आज फेडतो, असे सांगून तो परतला. मग स्वतः निशाण हाती धरून त्याने पलटणी संगिनींसह रोहिल्यांवर घातल्या.

त्याच्या पाठीशी दमाजी गायकवाड होते. वडील पिलाजींचा १७३२ मध्ये डाकोरला खून झाल्यावर ज्या डभोईच्या कोटाच्या आश्रयाने दमाजींनी अभयसिंहाला तोंड दिले, ती डभोई आजही वडोदऱ्याजवळ उभी आहे. रोहिल्यांची फळी त्या दिवशी मोडली खरी. पण गारद्यांच्या बहुतेक पलटणी कापल्या गेल्या. खुद्द इब्राहिमखान जखमी होऊन पकडला गेला. शुजाने त्याला दडवून ठेवले होते. अब्दालीच्या लोकांनी त्याला मागून घेतले आणि काही दिवसांतच कैदेत त्याचा अंत झाला.

जखमी दमाजी मात्र गुजरातेत परतले.

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात सुमेरसिंगादी गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा वध केला आणि मराठीत ‘गारदी’ म्हणजे मारेकरी असाच अर्थ रूढ झाला. इब्राहिमखानाच्या नावाला जोडलेल्या त्याच शब्दाचे हे दुर्दैव! दमाजींच्या वंशजांनी पुढे अरब पायदळ पदरी ठेवले. तेथेही पगार तुंबला. १८०२ मध्ये इंग्रजांनी बडोद्याला वेढा घालून अरबांना शहराबाहेर काढले, थकबाकी भागवण्यासाठी सावकारांच्या कर्जाला हमी दिली आणि त्या हमीच्या बळावर गायकवाडांच्या दरबारात ठाण मांडले.